नऊ मिळवून पाहा

मंगळवार, तारीख १४

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर ते तुला नकोसे वाटतील, म्हणून आधीच देऊन ठेवते. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. चार दिवस ते फ्रीजवर मिठाच्या बरणीखाली आहे. रोज सकाळी बरणी उचलते, पत्र वाचते, बरणी परत ठेवते. मीठ मात्र एकाही भाजीत धड पडत नाहीये.

इकडे तसं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. दुकानात मालकांनी डोळे तपासायचं नवं यंत्र आणलंय. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवली की ते आपणहून चष्म्याचा नंबर सांगतं. त्यामुळे वीस वर्षांच्या अनुभवानंतर माझं काम आता "हलू नका" एवढं म्हणण्याचं उरलंय. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवायच्या, बाबांना आवाजाचा त्रास नको म्हणून. अजूनही ठेवतात. चालवा म्हणून मीही त्यांना सांगितलेलं नाही.

तू दोनच प्रश्न विचारलेस. तू बाबांना पाठवलेलं पत्र त्यांना मिळालं होतं का, आणि मिळालं असेल तर ते काही बोलले का. पुढे लिहिलंयस, "मिळूनही ते गप्प राहिले असतील तर शेवटच्या दिवशी मी आलो नाही तेच बरं झालं." पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे. पण तो शब्द वाचून तू कागद खाली ठेवलास तर? तू माझा एकुलता एक भाऊ. आईमागे बाबा होते, बाबांमागे तू आहेस, आणि तुझ्यामागे माझं म्हणावं असं कोणी नाही. म्हणून क्रमाने सांगते. द्राविडी प्राणायाम वाटला तरी शेवटपर्यंत वाच, एवढी विनंती.

आठ वर्षांपूर्वी छापखान्यात जे झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू ते ऐकलेलं नाहीस. बाबांच्या हाताखालून गेलेलं ते अवयवांचं कोष्टक, एक ते दहा हजार. प्रत्येक संख्येपुढे तिचे अवयव, आणि जिला कशानेच भाग जात नाही त्या मूळ संख्येपुढे नुसती आडवी रेघ. तीस वर्षं मुद्रितं तपासून एक चूक नाही, हे बाबा कधी बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या चालण्यात ते असायचं. आणि तू, बावीस वर्षांचा दीडशहाणा, नव्या आवृत्तीच्या दिवशी, मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर पान उघडून म्हणालास, "बाबा, ९९९१ पुढे रेघ कशी? सत्त्याण्णव गुणिले एकशे तीन. ही चूक तुमची."

तुझं बरोबर होतं. तुझं नेहमीच बरोबर असायचं, हाच तुझा दोष.

मालकांनी शुद्धिपत्र छापलं, बोटभर चिठोरं. दोन हजार प्रतींत ते बाबांनी स्वतः बसून चिकटवलं. तू मदतीला गेलास तेव्हा "तुझे हात नकोत" म्हणाले, हे तू आजवर धरून बसला आहेस. पण सहा दिवस त्यांच्या बोटांना लागलेली खळ घरी कोमट पाण्याने मी काढत होते. सातव्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. त्या महिन्यात तू घर सोडलंस. मी तेव्हा एकच धडा शिकले, की बाबांना त्यांची चूक दाखवली तर ते मोडतात.

आता या वर्षाचं.

बाबांचा हात थरथरायला लागला, तसं लिहायचं काम माझ्याकडे आलं. एक दिवस दुपारी म्हणाले, "धाकट्याला पत्र लिहायचंय." माझ्या हातातली बशी पडता पडता वाचली. आठ वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. मी कागद घेऊन बसले, आणि त्यांनी सांगितलं ते तुझ्याकडे आहेच. "९,९४,००,८९१ ही संख्या माझ्या मते मूळ आहे. हिला कशानेही भाग जात नाही. तपासून कळवणे."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. आकडे नीट काढ. मधे दोन शून्यं आहेत."

"अहो, बरा आहेस का, एवढं तरी विचारा."

"विचारलंय," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संख्या तपासल्या, आता एक स्वतःची सापडली आहे आणि ती लेकाला दाखवून मान ताठ करायची आहे. मला बरंही वाटलं. पत्र टाकलं त्याच दिवशी मी म्हटलं, "आपणही तपासू या. तुमचा वेळ जाईल." ते हसले. मला ते हसणं तेव्हा कौतुकाचं वाटलं.

मग आमचा खेळ सुरू झाला. तू गणित शिकवतोस, तुला काय सांगायचं, पण मला बाबांनी शाळकरी पोरीसारखं समजावलं: हिचं वर्गमूळ नऊ हजार नऊशे सत्तरच्या जरासं आत येतं, तेवढ्यापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, एकानेही भाग गेला नाही तर हीसुद्धा मूळ. अशा संख्या किती? बाराशे अठ्ठावीस! "रोज पंचवीस करू," बाबा म्हणाले. मी दुकानातून एक वाजता यायची, जेवणं व्हायची, ते आरामखुर्चीत आणि मी समोर वही घेऊन. यादी त्यांना तोंडपाठ.

"सात?"

"बाकी दोन."

"तेरा?"

"बाकी पाच."

प्रत्येक बाकीला ते मान हलवायचे. सकाळी दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि घरी येऊन बाबांचे. पण खरं सांगते, धाकट्या, त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या. आठ वर्षं आमचं बोलणं गोळ्या, पथ्य आणि लाइटबिल यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

अठराव्या दिवशी तुझं पत्र आलं.

मी दुकानातून येताना जिन्याखालच्या पेटीत ते मिळालं. जिन्यातच उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला कळतं, पण बाबांची सगळी पत्रं मीच उघडून वाचून दाखवायची, तर हात सवयीने गेला. "बाबा, भाग जातो. ९९६७ गुणिले ९९७३. नऊ मिळवून पाहा." खाली आणखी दोन शब्द होते. त्यांचं मी पुढे सांगते.

मी पायरीवर बसले आणि पिशवीतल्या पावतीच्या मागे गुणाकार केला. बरोबर आला. येणारच. माझ्या डोळ्यांपुढे ती खळ लागलेली बोटं आली. मनात म्हटलं, आठ वर्षांत याला एवढीच अक्कल आली? मरायला टेकलेला माणूस एक संख्या पाठवतो आणि हा तीही खोडून परत करतो!

पत्र मी घरातल्या खणात ठेवलं, चष्म्याच्या जुन्या फ्रेमा असतात त्या. बाबांना ते मिळालं नाही. हा तो एक शब्द, धाकट्या. नाही.

इथे थांबते.

बुधवार, दुकानातून आल्यावर

काल पाकीट बंद करून टाकावं असं वाटलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं. बाबांच्या काळजीपोटी ताईने चूक केली, तू दोन महिने रागावला असतास आणि मग विसरला असतास. पण ते अर्धंच खरं आहे, आणि बाबांच्या घरात अर्धं खरं म्हणजे चूकच.

त्या दिवशी मी वर गेले तर बाबांनी विचारलं, "टपाल आलं?" मी "नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. तेवीस दिवस विचारलं आणि तेवीस दिवस मी नाही म्हटलं. खोटं बोलायला पहिल्या दिवशी घाम फुटतो, चौथ्या दिवशी ते जिभेवर बसतं. आणि रोज पंचवीस भागाकार चालूच. आता मला माहीत होतं की बाराशे सत्तावीस आकड्यांनी भाग जाणार नाही आणि अगदी शेवटच्या, बाराशे अठ्ठाविसाव्या आकड्याने जाणार. मी बाक्या वाचत होते आणि मनात ठरवत होते, की त्या आकड्याला पोचलो तर खोटी बाकी सांगायची. एखादी साधीशी, शंका न येणारी. तीही ठरवून ठेवली होती.

ती वेळ आली नाही. चाळिसाव्या दिवशी आम्ही ७९१९ वर होतो. ती यादीतली हजारावी. भागाकार केला, बाकी १६०३. "हजार झाल्या," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. पुढचं मी तुला फोनवर सांगितलंच. "माझ्यासाठी काही?" असं तू विचारलंस आणि मी म्हटलं, "नाही रे." तेही जिभेवर बसलेलंच होतं.

पंधरा दिवसांनी छापखान्यातले खिळे जुळवणारे काका आले. आठवतात ना, तुला फुटकी अक्षरं खेळायला द्यायचे ते. चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "पोराचं उत्तर आलं होतं का गं?"

"कसलं उत्तर?"

"अगं, तुझ्या बाबांनी चूक ठेवली होती ना त्याच्यासाठी."

मला काही कळेना. मग काकांनी सांगितलं. छापखान्यात नवा मुद्रितशोधक घ्यायचा तर त्याला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. जुना तपासनीस स्वतःच्या हातचं एक पान त्याच्यापुढे ठेवायचा, आणि "बिनचूक आहे, नजर टाका" म्हणायचा. त्यात मुद्दाम एक चूक सोडलेली असायची, अवघड जागी. नव्या माणसाने ती दाखवली की जुना उठायचा, स्वतःची खुर्ची सरकवून द्यायचा आणि "बसा" म्हणायचा. कोणी कमीपणा मानत नसे. उलट, ज्याच्यावर भरवसा वाटायचा त्याच्यासाठीच असं पान तयार व्हायचं.

"तू दुकानात असताना मी आलो होतो एकदा," काका म्हणाले. "मला म्हणाले, 'पोराला खुर्ची द्यायची राहिली माझी. त्याने चूक दाखवली आणि मी त्याला उठवलं.' कागदही दाखवला मला. बघ तिथेच असेल, कोष्टकात."

होता. कोष्टकाच्या शेवटच्या पानात, शुद्धिपत्राच्या चिठोऱ्याला टाचलेला. बाबांचंच अक्षर, आगगाडीत लिहिल्यासारखं हललेलं. दोन ओळी:

१०० × १०० − ३ × ३ = ९९९१ = ९७ × १०३
९९७० × ९९७० − ३ × ३ = ९९४००८९१ = ९९६७ × ९९७३

खाली तारीख. मला पत्र सांगितलं त्याच्या दोन दिवस आधीची.

मी गणितात तुझ्या पासंगालाही पुरणार नाही, पण एवढं मलाही दिसलं. जिच्यामुळे त्यांची मान खाली गेली, तिच्याच घडणीची संख्या त्यांनी शोधून काढली होती. एका वर्गातून नऊ वजा. तू ते पाहताक्षणी ओळखलंस, म्हणून तर "नऊ मिळवून पाहा" असं लिहिलंस. तू त्यांना खोडून काढलं नव्हतंस. त्यांनी पुढे केलेला हात तू धरला होतास. तुम्हा दोघांचं बोलणं झालं होतं आणि ते माझ्या खणात पडून होतं.

म्हणजे त्या तेवीस दुपारी आम्ही समोरासमोर बसून एकमेकांपासून एकच उत्तर लपवत होतो. त्यांना माहीत होतं की शेवटपर्यंत भाग जाणार नाही. मलाही माहीत होतं. ते मान हलवत होते, मी बाक्या वाचत होते, आणि दोघांचं लक्ष दाराकडे. मला एकदा जरी "बाबा, ९९६७ ने करून बघू या का?" असं म्हणायची बुद्धी झाली असती तर ते केवढे हसले असते!

आता तुझे ते दोन शब्द. "येऊ का?"

चूकच लपवायची होती तर वरची ओळ मी झाकू शकले असते. तोंडाने सांगू शकले असते, "बाबा, धाकटा विचारतोय, येऊ का." त्या दोन शब्दांनी कोणाचा जीव जात नव्हता. उलट कदाचित चार दिवस वाढला असता. मी ते सांगितले नाहीत, धाकट्या, कारण मला सांगायचे नव्हते. आठ वर्षं त्यांची नखं मी कापली, त्यांना अंघोळ मी घातली, त्यांच्या खोकल्यावरून ते कुठल्या कुशीवर आहेत हे मला कळायचं. आणि ते रोज विचारायचे तुझ्या टपालाचं. मी दारातून आत येत असे तेव्हा त्यांची नजर आधी माझ्या हाताकडे जायची, मग तोंडाकडे. मला वाटलं, हा दोन आकडे लिहून परत येईल, खुर्चीत बसेल, आणि मी पुन्हा बशा विसळणारी. त्या दुपारी माझ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याशी संख्यांबद्दल बोलत होते. मला त्या कोणाला द्यायच्या नव्हत्या. हेवा म्हणतात याला. मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि मी माझ्या धाकट्या भावाचा हेवा केला, मरणाऱ्या बापाच्या तोंडावर.

हे लिहिताना मला रडू येतंय. पण त्यामुळे तू विरघळू नयेस.

दोन्ही कागद सोबत पाठवते आहे, त्यांचा आणि तुझा. ते एकत्र असायला हवेत, आणि माझ्याकडे असायचं कारण नाही. घर तुझंही आहे. किल्ली वरच्या मावशींकडे असते. मी समोर नको असेन तर त्यांना तसं कळव. मी तेवढे दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत राहीन, तिथे खाट आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ते काही बोलले का.

बोलले. त्या चाळिसाव्या दुपारी, हजार झाल्या म्हटल्यावर, त्यांनी मला वही मिटायला सांगितली. मग म्हणाले, "अजून आलं नाही म्हणजे त्याला नको असेल. आठ वर्षं गप्प बसलो मी, आता त्याने का बोलावं? तू त्याच्यावर रागावू नकोस हं. चूक माझीच होती, रेघेचीही आणि नंतरचीही. एवढं कधी भेटलास तर त्याला सांग."

"भेटलास" म्हणाले, मला. मधूनच त्यांना वाटत होतं की ते तुझ्याशीच बोलतायत.

खण माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठले. ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "चहा ठेवते."

उत्तराची वाट पाहायचा हक्क नसलेली,
ताई